हाताला कपाळ

मनिला, ८ डिसेंबर १९०१

सांतो,

देव तुझ्यावर दया करो.

तीन महिन्यांत तुझी चार ओळींची चिठ्ठी नाही. हात मोडला, की अमेरिकन शाई परवडत नाही? नारळवाला गावाहून आला होता, तो म्हणाला तुमचा सांतो हल्ली बूट घालून फिरतो. मी म्हटलं, फिरू दे बापडा. त्या इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर चार वर्षं काढून बाकी काही नाही तर बूट घालायला तरी शिकला.

माझं बरं चाललंय. कारखान्यात काम वाढलंय, सैनिकांना चिरूट पुरत नाहीत. दिवसभर पानं वळून बोटं पिवळी झाली आहेत, भाताला तंबाखूचा वास येतो. घरमालकीण नाकाला पदर लावते, पण भाडं घेताना तो पदर कुठे जातो कुणास ठाऊक.

इथे बोलतात की बाटांगासमध्ये नवा हुकूम निघाला आहे. सगळ्या लोकांना नाताळच्या आत गावात कोंडणार म्हणे. खरं का? आणि ताता कुठे आहेत? त्यांना सांग, म्हातारपणी बाजा घेऊन डोंगरात फिरायचे दिवस गेले. त्या मोठ्या ढोलात नुसता आवाज नसतो हे मला मनिलात बसून कळतं, तर अमेरिकनांना कळायला किती वेळ लागेल? आईबाप पटकीने गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी सोळाची. आईच्या या भावाने दोघांना दारात घेतलं नसतं तर आपण कुठे असतो? तुझं लक्ष त्यांच्यावर हवं. मी इथून काही करू शकत नाही.

तुझी ताई,
पोतेन्सियाना


सान गिल, बाटांगास, २० डिसेंबर १९०१

ताई,

तुझ्या हाताला कपाळ लावतो.

हुकूम खरा आहे. गावाभोवती रेषा आखली आहे. नाताळनंतर रेषेबाहेर जो दिसेल तो शत्रू, आणि बाहेर जो दाणा राहील तो जाळायचा. सगळ्या वाड्या गावात येताहेत. खांब उपटून, खाली बांबू घालून, वीस-वीस माणसं घरंच्या घरं खांद्यावर आणताहेत. एरवी घर असं हलवायचं म्हणजे गाणं-बजावणं, भात, ताडी असायची. आता कुणी गात नाही. घर जिथे टेकेल तिथे टेकवतात, एकाच्या खिडकीत दुसऱ्याची चूल.

माझी काळजी करू नकोस. नव्या शाळेत मला काम मिळालं आहे. मुलांना इंग्रजी शिकवतो. बूट त्यांनीच दिले.

आणखी एक. ढोलाबद्दल पुन्हा काही लिहू नकोस. हल्ली पत्रं उघडून वाचतात. ताता इथे नाहीत. कुठे आहेत मला माहीत नाही.

तुझा,
सांतो


मनिला, २ जानेवारी १९०२

सांतो,

देव तुझ्यावर दया करो.

माहीत नाही म्हणजे काय? एका ओळीत लिहितोस की रेषेबाहेर दिसेल तो शत्रू, दुसऱ्या ओळीत लिहितोस ताता कुठे माहीत नाही. मग मी काय समजायचं? नाताळच्या रात्री देवळात माझं लक्ष नव्हतं. पाद्री काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही.

तू आता मास्तर झालास. अमेरिकनांच्या शाळेतला मास्तर म्हणजे कॅप्टनच्या ओळखीचा असणारच. जा आणि सांग त्याला, मेलेसियो काटिंडिग हा बाजेवाला म्हातारा आहे, लग्नात आणि मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवतो, त्याला रेषेच्या आत येऊ द्या. लाज वाटत असेल तर तसं कळव. आमच्या गल्लीत एक वकील राहतो, त्याच्याकडून मीच कॅप्टनच्या नावाने अर्ज लिहून घेते. ताताचं नाव, गाव, वय, सगळं घालून. बघू कोण उत्तर देत नाही ते.

तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस. पंधरा दिवस वाट पाहीन, मग अर्ज गेला समज.

पोतेन्सियाना


सान गिल, १४ जानेवारी १९०२

ताई,

तुझ्या हाताला कपाळ लावतो.

अर्ज करू नकोस. आता त्याचा उपयोग नाही.

ताता गेले. दहा तारखेला, डोंगरात, तापाने. एका लाकूडतोड्याने निरोप आणला. जिथे गेले तिथेच त्यांना पुरलं, गावात आणता आलं नाही. मला जाता आलं नाही.

तू रडशील, रड. पण त्यांचं नाव आता कुठल्याही पत्रात, अर्जात घालू नकोस. इकडे येण्याचा विचार करू नकोस. त्यांच्यासाठी जे करायचं ते तिथेच कर.

तुझा,
सांतो


मनिला, २९ जानेवारी १९०२

सांतो,

देव तुझ्यावर दया करो. आपल्या दोघांवर करो.

तुझं पत्र कारखान्यात मिळालं. माझ्या बाकावरच्या बायकांनी मला घरी आणलं. त्याच बायका पुढे नऊ रात्री प्रार्थनेला आल्या. दिवसभर पानं वळून दमलेल्या, तरी आल्या. मी सगळ्यांना आल्याचं पाणी आणि भाताच्या वड्या दिल्या. घरमालकिणीनेसुद्धा, हो, तिनेच, आपल्या मेणबत्त्या काढून दिल्या. नवव्या रात्री ताताचं पान वाढून खिडकीजवळ ठेवलं. सुका मासा, भात, वर थोडं मीठ. ते नेहमी म्हणायचे, मिठाला हात आखडणारी बाई नको. सकाळी पान तसंच होतं. मला उगाच वाटत होतं की कमी झालं असेल.

मी काळं घातलंय. तू बाहीला फीत लावलीस का?

एक विचारते, रागावू नकोस. शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं? कुणी त्यांच्या हाताला कपाळ लावलं का? की तसेच गेले? सगळ्या गावाची कपाळं त्या हाताला लागलेली. बाजारातून घरी यायला त्यांना तास लागायचा, दर दोन पावलांवर कुणी ना कुणी हात मागायचा, आणि भाजी सुकून गेली म्हणून मी ओरडायची. मला दुसरं काही नको, एवढं सांग.

पोतेन्सियाना


सान गिल, ३ फेब्रुवारी १९०२

ताई,

तुझ्या हाताला कपाळ लावतो.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते शांतपणे गेले असं समज. मीही तेच समजतो.

इथे दिवस वाईट आहेत. गावात चौपट माणसं झाली आहेत, तांदूळ माणशी ओंजळभर मिळतो. मुलं विहिरीपाशी बसून राहतात, खेळत नाहीत. रात्री रेषेपलीकडे जाळ दिसतो, कुणाची ना कुणाची कणगी जळत असते. लोक बघतात आणि म्हणतात, ही तुझी, ही माझी.

आपल्या घराखाली खांबांच्या मधे मी एका म्हाताऱ्याला जागा दिली आहे. आंबो नाव, पलीकडच्या वाडीतला, मागेपुढे कुणी नाही. सैनिकांना पाणी भरतो. खांद्यावर बांबूची लांब नळी घेऊन दिवसभर विहीर ते पाद्र्याचं घर अशा खेपा. पाद्र्याच्या घरात आता कॅप्टन राहतो. म्हातारा भारी तिरसट आहे. मी केलेल्या आल्याच्या पाण्याला नावं ठेवतो, म्हणतो यात आलं फक्त आंघोळ करून गेलंय. बसला की रिकाम्या नळीवर दोन बोटं वाजवत राहतो. तुला त्याची गंमत वाटली असती. मला त्याचा आधार वाटतो, एवढंच सांगतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. आम्ही इथे हल्ली कुणाच्याच हाताला कपाळ लावत नाही. सैनिकांना तो प्रकार आवडत नाही. लहान मुलांनासुद्धा सगळ्यांनी शिकवलंय, म्हातारं माणूस दिसलं तरी हात खाली ठेवायचे, पुढे चालू लागायचं. गावाने ठरवलंय.

तुझा,
सांतो


मनिला, १० फेब्रुवारी १९०२

सांतो,

देव तुझ्यावर दया करो, आणि थोडी अक्कलही देवो.

सैनिकांना आवडत नाही म्हणून म्हाताऱ्यांचे हात सोडले? तांदूळ घेतला, घरं घेतली, आता आशीर्वादही देऊन टाकला त्यांना? आणि तू मास्तर होऊन पोरांना हे शिकवतोस? ताता असते तर तुझा बूट काढून तुझ्याच पाठीत घातला असता. आमच्या बाकावर हे वाचून दाखवलं तर बायकांनी कानावर हात ठेवले.

असो. समोरासमोर बोलू, कारण मी येते आहे.

अठरा तारखेला ताताचा चाळिसावा. त्या दिवशी आत्मा घर सोडतो. तो कुठलं घर सोडणार, मनिलातली माझी भाड्याची खोली? त्यांनी घर पाहिलं ते तिथलं. दिवा तिथे लागला पाहिजे, पान तिथे वाढलं पाहिजे. तू हे करणार नाहीस हे मला कळून चुकलंय, तुझ्या पत्रात चाळिसाव्याचा शब्द नाही. कारखान्याच्या मुकादमाने खटपट करून मला परवाना मिळवून दिला. मी चौदाला बोटीने निघते, बंदरावरून बैलगाडी मिळेल ती घेते. सतराला पोचेन.

चिकट तांदळाचे सुमान करून आणते, केळीच्या पानात घट्ट बांधले की टिकतात. तुझ्या त्या आंबोसाठी पण आणते. ताताच्या नावाने एका तिरसट म्हाताऱ्याला जेवू घातलं तर त्यांनाही बरं वाटेल.

घर झाडून ठेव.

पोतेन्सियाना


सान गिल, १५ फेब्रुवारी १९०२

ताई,

तुझ्या हाताला कपाळ लावतो.

तुझं पत्र आज मिळालं. बंदराकडे स्वार निघतो आहे, त्याच्या हाती हे देतो. येऊ नकोस. रस्त्यावर चोर आहेत. गावात देवीची साथ आहे. परवाना मनिलाचा असला तरी इथे चालेलच असं नाही. तांदूळ नाही, तुला काय खायला घालू? चाळिसावा तिथेच कर, मी इथे दिवा लावतो, शपथ घेतो. बंदरावर हे मिळालं तर तिथूनच परत फिर.

आयुष्यात एकदा माझं ऐक.

सांतो


मनिला, १ मार्च १९०२

सांतो,

बंदरावर तुझं पत्र मिळालं नाही. ते माझ्या मागून मनिलाला आलं. परत आल्यावर घरमालकिणीने हातात दिलं. मी वाचलं. चोर, देवी, परवाना, तांदूळ. सगळं होतं. एकच गोष्ट नव्हती.

तुझ्याशी बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला गाडीत घालून काढून दिलं. म्हणून जे पाहिलं ते लिहिते. तुझ्या बाजूने काय झालं ते तू लिही.

मी वेशीवर परवाना दाखवला, आत आले. डोक्यावर काळा रुमाल, काखेत सुमानची टोपली. चौकात ओळखीची माणसं होती. कुणी जवळ आलं नाही. मला वाटलं सगळे भुकेने असे झालेत. पाद्र्याच्या घराच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता, गुडघ्यावर बांबूची नळी. त्याची दोन बोटं नळीवर वाजत होती. सांतो, मी चेहरा नंतर पाहिला. बोटं आधी ओळखली. मिरवणूक देवळातून निघते तेव्हाचा तो ठेका.

मी ओरडले, "ताता!" टोपली कुठे पडली मला माहीत नाही. गुडघ्यावर बसून त्यांचा हात ओढून कपाळाला लावला. हात ऊन होता. महिनाभर मी ज्याच्यासाठी रडले तो हात ऊन होता.

ते हळूच म्हणाले, "जा पोरी, निघ. मी आंबो."

विहिरीवरून साबेल आजी किंचाळली, "अगं ए वेडे, तो आंबो आहे! पाणीवाला आंबो! शोकाने डोकं फिरलंय हिचं!"

आणि मी काय म्हणाले ऐक. मी सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या ताताला मी ओळखत नाही होय?"

मग मी वर पाहिलं. सज्ज्यात कॅप्टन होता, आणि त्याच्या शेजारी, अमेरिकनांसारखीच टोपी घालून, तू. तुझी शाळा ती.

तुम्ही खाली आलात. कॅप्टनने तुला काहीतरी विचारलं, तू मान हलवलीस. त्याने पोरांना बोलावलं, एकेकाला ताताच्या समोरून चालवलं. मला तेव्हा कळलं तो काय बघतोय. एकाही पोराचा हात हलला नाही. पाच वर्षांची, चार वर्षांची पोरं, हात मांडीला चिकटवून गेली. इतकं चांगलं शिकवलं होतंत तुम्ही. मग सार्जंटने माझे केस धरले.

तेव्हा ताता उठले. नळी भिंतीला नीट टेकवली, पडू नये म्हणून. हात चड्डीला पुसला. आणि तो हात त्यांनी तुझ्यासमोर धरला. माझ्यासमोर नाही, तुझ्यासमोर. "ये सांतो," म्हणाले, "आता पुरे झालं."

तू बुटांकडे बघत होतास.

ते किती वेळ तसे उभे होते ते मी सांगू शकत नाही. मला आजही ते उभेच दिसतात. मग त्यांना आत नेलं.

तू त्यांना मेलं म्हणून का लिहिलंस? आणि ताता जिवंत आहेत का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी लिही.

पोतेन्सियाना


सान गिल, ११ मार्च १९०२

ताई,

नाहीत. एकवीस फेब्रुवारीला पहाटे गेले.

नेहमीची पहिली ओळ, हाताला कपाळाची, लिहायला हात धजत नाही, म्हणून ती न लिहिताच सुरुवात केली.

मी जुलैपासून कॅप्टनचा दुभाष्या आहे. गावातली पत्रं वाचतो, माणसांना प्रश्न विचारतो, उत्तरं सांगतो. आधी पोटासाठी गेलो. डिसेंबरात हुकूम आला तेव्हा ताता डोंगरावरून रातोरात माझ्याकडे आले. बाहेर राहिले तर गोळी, आत आले तर फास. बाजेवाला मेलेसियो ढोलातून तांदूळ पोचवतो हे कॅप्टनला कुणीतरी सांगितलं होतं, पण त्याने त्यांना पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, त्याच्या नाकासमोर राहा, तिथे तो बघणार नाही. आणि खरंच बघितलं नाही. महिनाभर रोज तो मला विचारायचा, मेलेसियो कुठे असेल, आणि त्याच वेळी ताता त्याच्या आंघोळीचं पाणी भरून जायचे. फक्त कुणी त्यांचा हात मागायला नको होता. साबेल आजीने घरोघर जाऊन सगळ्यांना सांगितलं. लोकांना फार जड गेलं. ताता समोरून आले की बायका पाठ फिरवून उभ्या राहायच्या, कारण हात आपोआप पुढे व्हायचा.

मग तुझं दोन जानेवारीचं पत्र आलं, त्यात त्यांचं पूर्ण नाव आणि अर्जाची धमकी. माझ्या नशिबाने ते माझ्याच टेबलावर आलं. मी जाळलं. पण अर्ज थेट कॅप्टनकडे गेला असता. म्हणून ते मेले असं लिहिलं, आणि ते पत्र बंद करण्याआधी मीच कॅप्टनला वाचून दाखवलं. बहिणीला लिहिलेलं पत्र खोटं कसं असेल? त्याने मला एक चिरूट दिला आणि शोध थांबवला. त्या रात्री ताता आणि मी घराखाली बसून हसलो. ताता म्हणाले, "मेल्यावर बरं वाटतंय रे, कुणी हिशेब मागत नाही."

आपल्यात माणूस मेला की चाळिसावा येतो, हे मला सुचलं नाही. तातांनाही नाही. आम्ही दोघं मरणाबद्दल बोलत होतो आणि दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं. तुला वाटलं.

तुला खरं लिहायचं तर आधी मी शाळेत नाही हे लिहावं लागलं असतं. पंधरा तारखेला लिहायला बसलो तेव्हाही पहिल्यांदा तेच वाक्य मनात आलं. मी त्याच्याऐवजी देवीची साथ लिहिली. गावात देवी नव्हती.

आत काय झालं ते विचारलं नाहीस, पण तुला कळलं पाहिजे. ते त्याला पाण्याचं औषध म्हणतात. माणसाला उताणं बांधतात, तोंडात बांबूचा तुकडा घालतात आणि पाणी ओततात. पोट फुगलं की गुडघ्याने दाबून बाहेर काढतात, आणि पुन्हा. पाणी तातांनीच सकाळी भरलेलं होतं. मी शेजारी उभा होतो, कारण प्रश्न कुणी विचारायचे? प्रश्न एकच होता, तुला कुणाच्या घरात थारा मिळाला. चौकात मी तो हात घेतला नाही, म्हणून माझ्यावर संशय आला नव्हता. ताई, मी त्यांना माझंच नाव विचारत होतो. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघून म्हणायचे, कुणाच्याच नाही, आणि मी वळून इंग्रजीत सांगायचो, कुणाच्याच नाही. तीन दिवस. एकदा मधेच म्हणाले, "नीट सांगतोयस ना? शब्द खाऊ नकोस." मला वाटतं ते थट्टा करत होते. मला ठाऊक नाही.

मी एक शब्द बोललो असतो तर सैनिक थांबले असते. मी बोललो नाही.

एकवीसच्या सकाळी त्यांना चौकात आणून ठेवलं, घेऊन जा म्हणाले. चारी कोपऱ्यांना सैनिक उभे केले होते, कोण पुढे येतं ते बघायला. आधी कुणी हललं नाही. मग साबेल आजी आली. चटई अंथरली, अंगावर चादर घातली, ताताचं तोंड पुसलं, त्यांचा उजवा हात बाहेर काढून छातीवर ठेवला, आणि वाकून कपाळाला लावला. तिच्यामागे दुसरी बाई आली. मग सगळे. पुरुष, पोरं, ज्यांना आम्ही दोन महिने हात खाली ठेवायला शिकवलं ती एवढीशी पोरं, आयांच्या कडेवरची. सैनिक बघत होते, सार्जंट लिहून घेत होता, आणि ओळ संपत नव्हती. कुणी रडत नव्हतं. एकेकाने हात उचलायचा, कपाळाला लावायचा, हळूच खाली ठेवायचा.

मी शेवटी उभा होतो. टोपी काढली होती. माझी पाळी आली तेव्हा साबेल आजीने ताताचा हात उचलला आणि चादरीच्या आत सारला. वर चादर नीट केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता पुरे. दमलाय तो."

पुरायला मला कुणी बोलावलं नाही. लांबून पाहिलं. काम अजून आहे, कॅप्टन माझ्यावर खूश आहे. रेषा लवकरच उठवणार असं बोलतात. उठली की मी मनिलाला येऊ का? नाही म्हणालीस तर येणार नाही.

सांतो


मनिला, २३ मार्च १९०२

सांतो,

इथे पटकी आली आहे. परवापासून बंदराकडची घरं जाळताहेत. आमच्या बाकावरची एक बाई काल कामावर आली नाही, आज तिच्या जागी दुसरी बसली. मी पाणी उकळून पिते. पाण्याचं भांडं तोंडाला लावताना दर वेळी थांबते, ते पटकीसाठी नाही.

तुझं पत्र मी बायकांना वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदाच.

मी नऊ रात्री आधीच प्रार्थना केल्या होत्या, जिवंत माणसासाठी. पुन्हा केल्या. पाद्रींना विचारलं, पहिल्या कुठे गेल्या? ते म्हणाले, वाया जात नाहीत. बरं म्हटलं.

साबेल आजीचा राग मानू नकोस. मी तिथे असते तर मीही हात झाकला असता. आणि मी तिथे असते तर तिने तो माझ्यापासूनही झाकला असता कदाचित. चौकात ओरडणारी मी होते. तू खोटं लिहिलंस म्हणून मी आले, पण ओरडायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ताता "निघ" म्हणाले होते, मी ऐकलं होतं. त्यांना आपल्या गावात, आपल्या माणसांत, कुणीच नसल्यासारखं बसलेलं मला एक क्षण बघवलं नाही. तुम्ही सगळ्यांनी दोन महिने ते सोसलं. मला तेवढा धीर निघाला नाही. हे घेऊन मी रोज कामाला जाते.

पण तीन दिवस तू त्यांच्या शेजारी उभा होतास. त्यापुढे माझं मन जात नाही. मी खूप ओढते, तिथेच अडतं. चार वर्षांच्या तुला त्यांनी खांद्यावर घेऊन आईच्या मातीला नेलं होतं, तू झोपला होतास, तुझी लाळ त्यांच्या सदऱ्यावर होती, ते मी पाहिलंय. तो तू आणि हा तू मला एका जागी बसवता येत नाहीत.

एप्रिलच्या एकोणतीस किंवा तीस तारखेला खरा चाळिसावा असेल असं मी आधी मोजलं, मग लक्षात आलं, चुकले. एक एप्रिल. मोजणंही धड होत नाही हल्ली. रेषा उठो न उठो, त्या दिवशी तू आपल्या घरात दिवा लाव. पान वाढ. मिठाला हात आखडू नकोस. आल्याचं पाणी कर, आणि या वेळी त्यात आलं घाल.

मग ये. नाही म्हणत नाही. खोली लहान आहे, चटई आहे, भाताला तंबाखूचा वास येईल. दारात आलास की तू सवयीने वाकशील, मला माहीत आहे. मी हात पुढे करीन की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

देव तुझ्यावर दया करो. मला अजून जमत नाही.

ताई